काशीतील दोन पुरुष

मराठी मनाला काशी कधीच परकी नव्हती. एकनाथांचे भागवत तेथे पूर्णतेस गेले. विश्वेश्वराचे देवालय अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. परंतु आपल्या कल्पनेत ही नगरी वसते ती मुख्यत्वे देह ठेवण्याचे स्थान म्हणून. देहाने देहाजवळ जावे, ही गोष्ट त्या घाटांशी जोडण्याचे धाडस आपल्या वाङ्मयाने सहसा केलेले नाही. ते केले एका चित्रकाराने.

भूपेन खख्खर यांचा जन्म १९३४ साली मुंबईत झाला. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस होते. पुढे बडोद्यास राहून त्यांनी चित्रे काढली आणि गुजरातीत कथा व नाटकेही लिहिली. ‘टू मेन इन बनारस’ हे त्यांचे चित्र १९८२ मधील. त्यात दोन नग्न पुरुष आलिंगनात उभे आहेत. एकाचे केस पांढरे झालेले आहेत. ह्या आकृती मोठ्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडे निळसर काळोखात नदी, देवस्थाने व आपापल्या कर्मात गढलेली माणसे अगदी लहान झाली आहेत. प्रमाणाचा हा विपर्यास हेच चित्राचे विधान होय. पुण्यनगरी पार्श्वभूमीला गेली आहे, आणि जे झाकून ठेवायचे ते पुढे आले आहे.

चित्र काढले गेले तेव्हा असे संबंध १८६० च्या दंडसंहितेनुसार दंडनीय होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील हे सावट सर्वोच्च न्यायालयाने दूर केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. खख्खर तर २००३ मध्येच निवर्तले होते. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ह्या चित्राला २५ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ह्या आकड्याने अनेकांचे डोळे दिपले, पण चित्राच्या अर्थात त्याने काहीही भर घातली नाही.

आज ज्या कलेला ‘क्वीअर’ असे म्हणतात, तिच्या आकलनास हे चित्र उपयोगी पडते. एके काळी शिवीसारखा वापरला गेलेला हा शब्द ज्यांच्यावर तो फेकला गेला त्यांनीच उचलून आपला केला. मराठीने अद्याप असा शब्द घडविलेला नाही, ही उणीव केवळ कोशाची नव्हे. ह्या कलेत लिंगभावाच्या ठरीव साच्यांना प्रश्न विचारला जातो, हे सर्वज्ञात आहे. ज्यांना घराने जागा दिली नाही त्यांची काळजी कोण घेणार, हा तिचा दुसरा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो.

चित्रातील नगरी त्या दोघांना हाकलीत नाही, म्हणून ती त्यांना स्वीकारते, असा अर्थ काही रसिक काढतील. मला तो उतावळा वाटतो. ती त्यांच्याकडे पाहतच नाही, आणि न पाहणे म्हणजे स्वीकारणे नव्हे. शुश्रूषा आहे ती त्या दोन देहांतच: पिकलेल्या केसांच्या माणसाला कोणीतरी घट्ट धरून उभे आहे.

तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा स्त्रीवर प्रेम करते, आणि बापूची मैत्री तिला वाचवू शकत नाही. एक माणूस पुरेसा पडत नाही, हे त्या नाटकाचे कठोर सत्य आहे. त्याच वर्षी खख्खर ‘प्लेस फॉर पीपल’ ह्या प्रदर्शनात सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख इत्यादींच्या बरोबरीने सहभागी झाले होते. माणसांना चित्रात पुन्हा जागा मिळावी, हा त्या मंडळींचा आग्रह होता. असा मित्रपरिवार मित्राला लाभला नाही.

१९८७ मध्ये खख्खरांनी ‘ययाति’ रंगविले. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीत ययातीची तृष्णा हा अधःपाताचा विषय आहे. खख्खरांकडे मात्र एक पंखधारी तरुण जराजर्जर देहाच्या निकट येतो, आणि तारुण्याचे दान ही प्रेमाची सेवा बनते. पुरूने पित्याला यौवन दिले, ही कथा आपण पितृभक्तीची म्हणून वाचत आलो. ते देणे आणखी कोणत्या नात्यात संभवते, हे त्या कॅनव्हासपुढे उभे राहिल्यावाचून आपल्याला सुचले नसते.