जाड झालेले हृदय आणि चुकणारा ठोका



ओझी वाहून हमालाचे दंड भरतात, तसेच हृदयाचेही होते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, की रक्त जोराने ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. पण ही जाडी ताकदीची नव्हे. भिंत ताठर होते, कप्पा नीट सैल होत नाही आणि वरचा कप्पा ताणला जातो. स्नायूंत वणासारखे तंतू वाढतात.

ठोक्याचा विद्युतसंदेश या तंतूंपाशी अडखळतो, वळसे घेतो. ठोके अनियमित होतात. वरचा कप्पा नुसता थरथरू लागला, तर आत रक्त साकळते. ती गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

ईसीजीचे यंत्र नसलेल्या पाड्यावरही तीन बोटे आणि घड्याळ पुरते. वडीलधाऱ्यांची नाडी पूर्ण एक मिनिट पाहा. विश्रांतीत साधारण ६० ते १०० ठोके, सारख्या अंतराने लागावेत. तसे नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. भोवळ आली किंवा छातीत दुखले, तर ताबडतोब.

बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवू नका. दाब आटोक्यात राहिला, तर जाड झालेली भिंतही काही अंशी पूर्ववत होऊ शकते.