प्रत्येक खाज गव्हाची नसते

सीलिॲकचं, म्हणजे गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं पथ्य असलेल्या घरात कोणाला खाज सुटली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाहेर काही खाल्लंस का?" मग दिवसभराच्या खाण्याची उजळणी होते. शेजारून आलेली आमटी आणि तिच्यातला हिंग, ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाला वाटलेला चिवडा, कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणलेलं ज्वारीचं पीठ. काही सापडलं तर अपराधी वाटतं. काही सापडलं नाही, तर ताटातला आणखी एक पदार्थ कमी होतो. आज दूध, उद्या शेंगदाणे, परवा वांगं. खाज मात्र तशीच राहते, कोपराच्या घडीत, मानेवर, गुडघ्यामागच्या लवणीत, आणि रात्री दोन वाजता झोप मोडते.

गहू, जव आणि राय पूर्णपणे आणि आयुष्यभरासाठी सोडणं हाच सीलिॲकवरचा आजचा इलाज आहे, त्याला पर्याय नाही. पण सीलिॲक असलेल्या माणसाच्या अंगाला सुटणारी प्रत्येक खाज गव्हातून येत नाही. ती कुठून येते हे आधी ओळखलं, तर निम्मी लढाई तिथेच सोपी होते.

आतड्यात काय घडतं

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. पोळीच्या कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. काही माणसांच्या जनुकांत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हे प्रकार असतात. त्यांपैकी काहींच्या शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे मखमली उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह, जस्त, कॅल्शियम कमी पडतं, पोट फुगतं, मुलांची वाढ खुंटते.

गव्हाचा हा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याला आधीपासून येत असलेला संशय बळावला. १९५० मध्ये त्याने आपल्या प्रबंधात तो मांडला.

भारतात या आजाराचं चित्र प्रांताप्रांतांत वेगळं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात दर हजारी साडेआठ, ईशान्य भारतात साडेचारच्या थोडे वर, तर दक्षिणेत एकाहूनही कमी प्रौढांमध्ये सीलिॲक आढळला. या आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच होती. मोठा फरक होता तो रोजच्या ताटातल्या गव्हाचा. ज्वारी-बाजरीच्या भाकरीकडून पोळी, पाव आणि बिस्किटांकडे वळलेल्या महाराष्ट्राने या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नये.

त्वचेवर उमटणारा सीलिॲक

गव्हामुळेच होणारा एक त्वचाविकार मात्र खरोखर आहे. फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग या त्वचारोगतज्ज्ञाने १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला 'डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस' असं नाव दिलं. नावात हर्पिस असला तरी हर्पिसच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. पुरळ झुपक्यांनी उठतो, म्हणून ते नाव. त्याचा आतड्याशी धागा जुळायला आणखी ८२ वर्षं लागली. १९६६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना अशा रुग्णांच्या आतड्यातही सीलिॲकसारखेच बदल दिसले.

सीलिॲकमध्ये शरीर 'ट्रान्सग्लुटामिनेज-२' या आतड्यातल्या विकराविरुद्ध (एन्झाइमविरुद्ध) प्रतिपिंडं तयार करतं. त्याच कुळातला 'ट्रान्सग्लुटामिनेज-३' हा विकर त्वचेत असतो. काही रुग्णांची प्रतिपिंडं त्यालाही लक्ष्य करतात आणि त्वचेच्या वरच्या थराखाली साचून राहतात. तिथे दाह होतो, बारीक पाणीदार फोड येतात आणि कमालीची खाज व आग सुटते. खाजवण्याच्या भरात फोड फुटून जातात, म्हणून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत उरतात ते फक्त ओरखडे आणि खपल्या. यातल्या पुष्कळांना पोटाची काही तक्रारच नसते. मग वर्षानुवर्षं इसब किंवा खरूज समजून उपचार होत राहतात.

हा विकार आणि इसब यांतला फरक

पुरळ कुठे आहे, हा पहिला सुगावा. डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस बहुधा कोपराच्या टोकावर, गुडघ्याच्या वाटीवर, कुल्ल्यांवर, पाठीवर आणि डोक्यात येतो, आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच उमटतो. मोठ्या मुलांचा आणि प्रौढांचा इसब मात्र कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर, मनगटावर, पापण्यांवर घर करतो. तिथली त्वचा कोरडी, लालसर किंवा सावळ्या वर्णात काळपट दिसते आणि हळूहळू जाड होते.

पण डोळ्यांवर सगळा भरवसा ठेवता येत नाही. पुरळाच्या अगदी शेजारच्या, निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा छोटा तुकडा काढून 'डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स' ही तपासणी केली, की साचलेली प्रतिपिंडं दिसतात आणि निदान पक्कं होतं. नमुना पुरळावरूनच घेतला तर निदान हुकू शकतं, म्हणून जागा महत्त्वाची.

डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसवर डॅप्सोन हे औषध एक ते तीन दिवसांत खाज थांबवतं. महाराष्ट्राला ते कुष्ठरोगाच्या उपचारांतून चांगलं परिचित आहे. मात्र ते सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी या विकराची रक्ततपासणी करायलाच हवी. या विकराची कमतरता असेल तर डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटू लागतात. शिवाय डॅप्सोन आतडं बरं करत नाही, ते काम पथ्याचंच. पथ्याने त्वचा शांत व्हायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. तीन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून पथ्य सोडणारे हातचा इलाज गमावतात.

इसबाचं मूळ सारवणात

इसब हा वेगळा आजार आहे. मातीच्या भिंतीचं सारवण वाळून भेगाळलं की आतली ओल जाते आणि बाहेरचे किडे-मुंग्या आत येतात, तसं इथे त्वचेचं होतं. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन आणि नैसर्गिक स्निग्ध द्रव्यं त्वचेचा वरचा थर अखंड ठेवतात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असलेल्यांना इसबाचा धोका वाढतो. भेगांतून धूळ, साबण, घाम, जंतू आत शिरतात, संरक्षणयंत्रणा खवळते आणि खाज पेटते.

सीलिॲक असलेल्यांत इसबाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. पण ग्लुटेन सोडल्याने इसब जातोच, असं सिद्ध झालेलं नाही. दोन्ही आजार एका घरात राहणारे शेजारी आहेत. एकाला समजावलं म्हणून दुसरा शांत होत नाही.

तिसरी शक्यताही तपासावी. आतडं पुरतं भरून आलं नसेल तर लोहाची कमतरता राहते, आणि तिच्यामुळेही अंगाला खाज सुटते. जस्त कमी पडलं तर तोंडाभोवती इसबासारखे चट्टे येतात. सीलिॲकच्या जोडीने थायरॉइडचे विकार अधिक दिसतात, त्यांत त्वचा कोरडी पडते. म्हणून खाज हटत नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि टीटीजी (ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडं) या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

खाजवलं की का वाढतं?

खाजवताना होणारी हलकी वेदना मज्जारज्जूत खाजेचा संदेश दाबते, म्हणून क्षणभर बरं वाटतं. पण नखांनी वरचा थर आणखी फाटतो, दुखावलेल्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि खाज दुप्पट होऊन परतते. रात्री त्वचा उबदार होते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं आणि शरीरातल्या दाहशामक कॉर्टिसोलची पातळी उतरलेली असते. रात्रीची खाज ही मनाची समजूत नव्हे, तिला शरीरात कारण आहे. "खाजवू नकोस" असं ओरडून ती थांबत नाही. इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा थोडा असतो. त्यामुळे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने झोप येते, खाज फारशी जात नाही.

इसब उसळला की

सारवण पुन्हा घालणं, हा पाया. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकावी. कढत पाणी, घासणी आणि उग्र साबण टाळावा. दिवाळीतलं उटणंही इसबाच्या जागी रगडू नये. पंच्याने टिपून घ्यावं आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. मॉइश्चरायझर कमी लावलं जातं, ही सगळीकडची चूक आहे. इसब अंगभर असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. तेल आवडत असेल तर खोबरेल बरं. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला टोचतं.

लाल, पेटलेल्या भागावर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम न घाबरता, पण मोजून लावावं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. चेहरा आणि घड्यांसाठी टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम डॉक्टर सुचवतात. खाज असह्य झाली तर गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं त्या जागी ठेवावं, खाजवण्याऐवजी तळहाताने दाबावं. नखं कापलेली असावीत. पिवळट खपली, पू, ताप किंवा दुखरे, खोलगट फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

गव्हाच्या चोरवाटा

पथ्यात ढिलाई नकोच. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, असं इटलीतल्या एका चाचणीत दिसलं. एवढं ग्लुटेन साधारण अर्ध्या ग्रॅम कणकेत, म्हणजे चिमटीत असतं. म्हणून गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेली ज्वारी सीलिॲकसाठी निर्धोक नसते. घरघंटी असेल तर ती ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठीच राखून ठेवावी. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडया तर गव्हाच्याच. खपली गहू हासुद्धा गहूच आहे, तो चालतो हा गैरसमज महाग पडतो. परात, पोळपाट-लाटणं आणि तळणीचं तेल वेगळं हवं. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायला भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दिलासा एवढाच, की तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मग क्रीममधल्या गव्हाच्या अर्काचं काय? ग्लुटेनचा रेणू मोठा असतो. तो त्वचेतून शिरून सीलिॲक चाळवत नाही. ओठांना लावायच्या गोष्टी आणि हाताला क्रीम लावून जेवणं मात्र टाळावं. गव्हाची ॲलर्जी ही सीलिॲकहून निराळी गोष्ट. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे असलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना ती जडली. इसबाने फाटलेल्या त्वचेवर गहू किंवा ओट असलेली प्रसाधनं लावू नयेत, ते याच कारणासाठी.

दोन चुका टाळा

पहिली चूक तपासणीपूर्वीच गहू बंद करण्याची. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही गहू खात असतानाच खरं सांगतात. आधीच गहू सोडला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. आणि सीलिॲक किंवा गव्हाची ॲलर्जी नसेल, तर केवळ इसबासाठी गहू सोडून काही साधत नाही.

दुसरी चूक औषधांच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या मलमांची. तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांची एकत्र खिचडी असलेली क्रीम दोन दिवस जादू करते, मग त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर रूप बदलून पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तो आपल्यासाठीच आहे.

सीलिॲकचा माणूस आधीच प्रत्येक घासाचा हिशेब देत असतो. खाजेसाठीही त्यालाच दोषी धरलं, तर तो खाणं आणि माणसांत मिसळणं दोन्ही कमी करतो. म्हणून घरच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी रात्री कोणी खाजवत उठलं, तर "काय खाल्लंस?" हे नंतर विचारा. आधी दिवा लावा, गार पाण्याचं फडकं घ्या आणि म्हणा, "कुठे खाजतंय, दाखव."