आधी कान, मग जीभ

शेतात काम करताना डोक्यावरून विमान गेलं, की आपण मान वर करून पाहतो. त्या वेळी वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकाशी रेडिओवरून बोलत असतो, ते मात्र आपल्याला ऐकू येत नाही. नवशिक्या वैमानिकाला विमान चालवण्याबरोबर हे बोलणंही शिकावं लागतं. आणि पुष्कळांना तेच अवघड जातं.

असं का व्हावं? एकाच लहरीवर अनेक विमानं असतात. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघे एकदम बोलले, तर नुसती शिटी ऐकू येते. म्हणून वाक्यं आखूड आणि ठरीव असतात. आकडे सुटे सुटे उच्चारतात. नऊला 'नायनर' म्हणतात, कारण इंग्रजी 'फाइव्ह' आणि 'नाइन' कानाला सारखे वाटतात.

एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एका डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगण्यात आला. उड्डाणाचीच परवानगी मिळाली, असं समजून वैमानिक निघाला. नियंत्रकानं 'थांबा' म्हटलं. पण त्याच क्षणी धावपट्टीवरच्या अमेरिकन विमानातूनही कुणी बोललं. दोन्ही निरोप शिटीत बुडाले. विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक झाला. नुसतं 'बरं' म्हणून भागत नाही. महत्त्वाची सूचना वैमानिकानं पुन्हा म्हणून दाखवायची असते.

मग शिकायचं कसं? आधी ऐकून. विद्यार्थ्यानं शिक्षकाजवळ बसून शिक्षणसंस्थेच्या संचावरचं संभाषण ऐकावं. प्रथम कोण कोणाला हाक मारतो, एवढंच ओळखावं. मग उंची, दिशा, धावपट्टी यांचे आकडे कागदावर टिपावेत. पुढं वैमानिक उत्तर देण्याआधी आपण ते हळूच म्हणावं आणि ताडून पाहावं. चुकलं तर बिघडत नाही. इथं चूक फुकट आहे, आकाशात नाही. मात्र, वैमानिकांतही कुणी घाईनं, सैल बोलतो. त्याचं अनुकरण करू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातल्या मुलाकडे निरोप द्याल, तेव्हा तो त्याच्याकडून एकदा वदवून घ्या. ऐकलं म्हणजे समजलंच, असं नसतं, बरं का!