परसातली घूस आणि संशोधनाचा पहिला धडा

मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "रिसर्च मेथडॉलॉजी पाठ होते, पण कंट्रोल, बेसलाइन हे नेमकं कशासाठी लागतं ते डोक्यात बसत नाही." उत्तर पुस्तकातून देण्यापेक्षा आमच्या परसातून देते. या प्रकरणात मी स्वतः चुकले आहे आणि ती चूक अजून सलते.

आमचं घर गडमुडशिंगीत. घरामागे परस, त्यात शेवगा, अळू, चार वांग्याची झाडं, कडेला सरपण आणि कोंबड्यांचा खुराडा. पलीकडे ऊस. दोन वर्षांपूर्वी थंडीत परसात भसाभस बिळं दिसायला लागली. भिंतीच्या बुडाशी मातीचे ढीग, वांग्याची मुळं उघडी. घुशी! आई म्हणाली, "एवढी पीएचडी करतीस आणि एक घूस आवरंना व्हय गं तुला?"

मी दुकानातून झिंक फॉस्फाईड आणलं, धान्यात कालवलं, बिळांपाशी ठेवलं. सकाळी दोन घुशी मेलेल्या. पुढे तीन-चार दिवस शांत. मी गल्लीत सांगून टाकलं, "औषध एक नंबर आहे." शेजारच्या दोन घरांनी माझ्या शब्दावर विष आणलं.

आठवड्याभरात बिळं परत. आमिष मात्र जसंच्या तसं. मग मी दुसरं औषध आणलं, ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्यांची मांजर मलूल झाली, हिरड्यांतून रक्त आलं आणि गेली. तपासणी झाली नाही, त्यामुळे ती विष खाल्लेली घूस खाऊनच गेली असं मी ठामपणे लिहू शकत नाही. पण शक्यता नाकारूही शकत नाही. आता या गोष्टीकडे संशोधक म्हणून बघू.

१. प्राणी कोणता?

मी 'उंदीर-घुशी' असं सरसकट धरलं होतं. आपल्याकडे घुशीच्या मुख्य दोन जाती: मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) आणि लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस). बँडिकूट हा शब्दच तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आलाय, म्हणजे डुक्कर-उंदीर. घरातला काळा उंदीर चढणारा, माळ्यावर राहणारा. घूस जमिनीखालची, पट्टीची खणणारी. लहान घूस तर बिळात धान्याचा साठाही करते. म्हणजे माळ्यावर पिंजरा लावून घूस सापडणार नाही. प्रश्न नीट मांडला नाही तर पुढची सगळी मेहनत भलत्याच जागी जाते.

२. आधी मोजलं का?

नाही. "लई बिळं आहेत" हा डेटा नव्हे. शेतीसंशोधनात यासाठी एक सोपी पद्धत आहे, जिवंत बिळांची मोजणी. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी किती उकरली गेली ते मोजायचं. उकरलेलं बीळ म्हणजे वापरातलं बीळ.

यातही दोन खाचा आहेत. एका बिळाला अनेक तोंडं असतात, त्यामुळे दहा तोंडं म्हणजे दहा घुशी नव्हेत. हा आकडा निर्देशांक आहे, शिरगणती नाही. दुसरं, लहान घूस स्वतःच बिळाचं तोंड मातीने बुजवते. म्हणून नुसतं 'उघडं की बंद' बघून चालत नाही, ताजी माती आहे का ते बघावं लागतं. तुमच्या प्रयोगातलं मोजमाप नेमकं काय मोजतं, हा प्रश्न असाच विचारायचा असतो.

३. फरक कशामुळे पडला?

मी विष ठेवलं, बिळं थांबली, म्हणून विषामुळे थांबली. बरोबर? थांबा. आपल्याकडे गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो. ऊस तुटला की त्यातल्या घुशींचा आसरा जातो आणि त्या बांधाकडे, घरांकडे सरकतात. त्या आठवड्यात शेजारच्या, विष न ठेवलेल्या परसातही बिळं थांबली असती तर? मी बघितलंच नाही. ते परस हा माझा कंट्रोल होता, फुकटचा! आणि मीच त्यांना विष आणायला लावून तो घालवला.

४. दुसऱ्यांदा आमिष का खाल्लं नाही?

1966 मध्ये जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी उंदरांना चवीचं पाणी दिलं आणि ते पिताना दिवा-आवाजही ठेवला. ज्यांना नंतर आजारी पाडलं त्यांनी ती चव टाळली, ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी दिवा-आवाज असलेलं पाणी टाळलं. म्हणजे पोट बिघडलं की दोष चवीला. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू सोडतं, त्रास लगेच होतो. थोडं खाऊन वाचलेली घूस ते आमिष पुन्हा शिवत नाही. म्हणून आधी काही दिवस साधं, बिनविषारी आमिष ठेवायचं असतं. मी ती पायरी गाळली. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, पण मरायला काही दिवस लागतात. त्यामुळे चवीवर संशय येत नाही. तोटाही त्यातच आहे: तेवढे दिवस विष अंगात घेऊन घूस फिरते आणि मांजर, कुत्रं, घुबड तिला खातं.

मग यंदा काय केलं?

विष बंद. आधी सात दिवस मोजणी, आमच्या आणि शेजारच्या परसात, वहीत तारखेसह. मग कोंबड्यांचं खाद्य पत्र्याच्या डब्यात, सरपण जमिनीपासून वर फळीवर, खरकटं रोजच्या रोज बाहेर. खुराड्याच्या कडेने वेल्डमेशची जाळी जमिनीत पुरली, खालचं टोक बाहेर वळवून. शेवटी मोठे पिंजरे, भिंतीलगत, आत सुकट लावून. एका वेळी एकच बदल, मध्ये पुन्हा मोजणी. जाळीनंतर खुराड्यापाशी नवीन माती दिसली नाही, शेजारी मात्र बिळं चालूच होती. म्हणून जाळीचा उपयोग झाला असं मी म्हणते, तेही फक्त आमच्या खुराड्यापुरतं. दोन परसांवरून गावाचा निष्कर्ष काढत नाही.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून पिंजरा-बिळाला हात लावताना हातमोजे आणि बूट घाला. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घराजवळच्या बिळात कधीच टाकू नका. ओलाव्याने त्यातून फॉस्फीन सुटतो, त्यावर उतारा नाही आणि बिळाचं दुसरं तोंड तुमच्याच जोत्याखाली असू शकतं.

तुमच्या प्रबंधात मांजर मरणार नाही कदाचित. पण तुमच्या "हे चालतं" या वाक्यावर विसंबून कोणीतरी औषध देईल, खत टाकेल, पाणी पिईल. ते वाक्य लिहायच्या आधी वही उघडून बघा: आधी मोजलं होतं का, आणि शेजारच्या परसात काय चाललं होतं?

पुढच्या लेखात सॅम्पल साइज. तोपर्यंत तुमच्या आसपासचा एखादा "हे केलं म्हणून ते झालं" असा दावा शोधा आणि त्याचा कंट्रोल काय असेल ते कमेंटमध्ये लिहा.