ठिसूळ हाडे आणि औषधाची निवड
औरादकडे घरातील वृद्धेचे मनगट साध्या पडण्याने मोडले, की ‘वयच झाले’ म्हणून प्लास्टरवर भागविले जाते. आम्हांस हे पटत नाही. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. टी-गुणांक उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर हाडे ठिसूळ झाली असे समजतात. अलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदाच, परंतु उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास आडवे होणे नाही, आणि चहाही नाही! हे न जमणाऱ्यांनी वर्षाकाठी एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रॉनिक आम्लाविषयी डॉक्टरांस विचारावे. तत्पूर्वी मूत्रपिंडे तपासावी लागतात. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते मध्येच सोडल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो. बीदरची खेप चुकण्याजोगी असेल, तर हे आधीच डॉक्टरांच्या कानी घालावे.