दावा खारीज झाला? वकील नसला तरी अपील करता येते

'खारीज' हा शब्द कानावर पडला की आपल्या घरात सगळे गप्प होतात. कोर्टाने सांगितले म्हणजे विषय संपला, असे धरून चालतात. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजातल्या हिजाबबंदीचे पाहा. नऊ मुलींची याचिका मुंबई हायकोर्टाने २६ जून २०२४ ला फेटाळली. पुढे ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही.

त्या मुलींकडे वकील होते. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचे, असे नांदूरघाटात पालक आम्हाला विचारतात. आम्ही पडलो शिक्षक, तरी माहीत आहे तेवढे सांगतो.

आपली केस आपण स्वतः चालवू शकतो, अपीलसुद्धा. पण आपल्या वतीने भाऊ किंवा मामू उभे राहून युक्तिवाद करतील म्हटले, तर कोर्टाची परवानगी लागते.

आधी निकाल नीट वाचा. दावा खारीज कशामुळे झाला, यावर सगळे अवलंबून आहे. तारखेला गेलो नाही म्हणून खारीज झाला असेल, तर अपील नको. त्याच कोर्टात ३० दिवसांत दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज द्यायचा. पुरावा पाहून खारीज झाला असेल, तर अपील. केजच्या दिवाणी कोर्टाचा निकाल असेल तर जिल्हा न्यायालयात, मुदत ३० दिवस. हायकोर्टात पहिले अपील जात असेल तर ९० दिवस.

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला कोर्टाला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. तरीही उशीर झालाच, तर कारण सांगून विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडा. 'माहीत नव्हते' एवढ्यावर भागत नाही.

अपिलात लोक सगळी कहाणी पहिल्यापासून लिहितात. तिथे लिहायचे ते एवढेच की, न्यायाधीशांची चूक कुठे झाली: कोणता कागद पाहिला नाही, कोणता साक्षीदार सोडला. नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत.

औरंगाबाद खंडपीठात स्वतः उभे राहायचे तर आधी कोर्टाचे अधिकारी तुमच्याशी बोलून पाहतात, केस मांडता येईल का म्हणून. तिथले कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा हट्ट करू नका. मोफत वकील मागा. महिलेला तो उत्पन्न कितीही असले तरी मिळतो; पुरुषाला फक्त मुस्लिम म्हणून मिळत नाही, उत्पन्नाची किंवा कायद्यातली दुसरी अट बसावी लागते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात.