ताराबाईंची तुलना आणि आमची मापे

न्यायासनापुढे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निवाडा देऊ नये, हा नियम आमच्या वाचकांपैकी ज्यांस कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग आला असेल त्यांस ठाऊकच आहे. परंतु लोकापवाद नामक जे दुसरे न्यायासन गावोगाव अहोरात्र भरलेले असते, तेथे हा नियम चालत नाही. आणि आरोपी जर स्त्री असेल, त्यातही विधवा असेल, तर आरोप, पुरावा व शिक्षा ही तिन्ही एकदमच उरकली जातात. या अन्यायाविरुद्ध सर्व स्त्रीजातीच्या वतीने लेखी कैफियत मांडण्याचे धाडस ज्या बाईने केले, ती आमच्या वऱ्हाडातील होती, ही गोष्ट यवतमाळकरांनी अभिमानाने स्मरावयास पाहिजे. त्या बाईचे नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० साली बुलढाण्यास एका मराठा कुटुंबात झाला. आमचा जिल्हा तेव्हा यवतमाळ या नावाने ओळखलाही जात नव्हता. ते नाव १९०५ साली मिळाले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत कारकुनी करीत आणि जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद होते. मुलींच्या हाती पाटी देणे हेच जेथे पाप समजले जाई, त्या काळी या पित्याने कन्येस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. त्या विद्येचे चीज कसे झाले, हे १८८२ साली दिसून आले.

त्याच्या आदल्या वर्षी सुरतेस एक खटला गाजला होता. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकनिंदेच्या भयाने आपल्या नवजात अर्भकाची हत्या केली, म्हणून तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे अपिलात फाशी टळून काळ्या पाण्यावर निभावले. खटल्याची हकीकत वृत्तपत्रांत येताच स्त्रियांच्या अनीतीवर प्रवचने झडू लागली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने तर एकीच्या अपराधाचे खापर सगळ्या स्त्रीजातीच्या माथी फोडले. त्या अर्भकास पिताही होता, पुनर्विवाहाची वाट रूढीने बंद केली होती, आणि अशाच अभागिनींसाठी फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, या गोष्टींचा विचार त्या कोलाहलात फारसा कोणी करीना.

तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा त्यांचा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापून निघाला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण पोथ्यांनी व पुरुषांनी स्त्रियांच्या नावे लिहून ठेविले, ते एकेक घेऊन पुरुषांच्या ठायी ते अधिक आहेत की उणे, याचा त्यांनी रोखठोक पडताळा पाहिला. बायको मेली तर पुरुष दुसरी, तिसरी करावयास मोकळा, आणि नवरा मेला तर स्त्रीने मात्र जन्मभर अंधारकोठडीत तोंड लपवावे, हा कोठला न्याय, असा त्यांचा सवाल आहे. सभांतून टाळ्या घेऊन घरी रूढीपुढे मान तुकविणाऱ्या सुधारकांचीही त्यांनी गय केली नाही. मलबारींची बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे १८८४ सालची. वऱ्हाडातील ही बाई त्याच्या दोन वर्षे आधी बोलून चुकली होती, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

फळ काय मिळाले? उपहास. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो निबंध पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत महाराष्ट्र त्यांस जवळजवळ विसरून गेला होता.

आता कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली; हल्ली केशवपन नाही, पुनर्विवाहास बंदी नाही. आम्ही त्यांस आमच्याच जिल्ह्याकडे पाहण्याची विनंती करितो. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळास ९२ वे मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांस दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यावर त्याचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. सभामंडपात टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु संमेलनाचा मांडव उतरल्यावर तशा शेकडो भगिनी पुन्हा आपापल्या गावी त्याच न्यायासनापुढे उभ्या राहिल्या. नवऱ्याने जीव दिला तर दोष हिचा. मंगलकार्यात हिचे पाऊल अशुभ. आणि २००६ च्या शासननिर्णयाने ठरलेली १ लाख रुपयांची मदतही मयताचे प्रकरण कचेरीत ‘पात्र’ ठरले तरच.

कायदा आज तिच्या बाजूचा आहे. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेस मुलगा व मुलगी यांच्या बरोबरीची वारस केले. परंतु कायद्याच्या पुस्तकातील हक्क सातबाऱ्यावर आपोआप उतरत नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. आणि दुःखात बुडालेल्या बाईचे ते तीन महिने दीर-सासऱ्यांच्या ‘मागाहून पाहू’ या आश्वासनातच निघून जातात. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार. हे चक्र आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

त्याच व्यापारी वाचकांस आमचे शेवटचे सांगणे आहे. घ्यावयाचे माप एक आणि द्यावयाचे माप दुसरे, असे ठेवणाऱ्या दुकानदारास बाजारपेठेत काय म्हणतात, ते आपण जाणता. ताराबाईंची तुलना ती हीच. विधुरास एक माप व विधवेस दुसरे, असे ज्या समाजाचे वजनकाटे आहेत, त्याने राष्ट्राच्या उन्नतीच्या गोष्टी कोणत्या तोंडाने बोलाव्यात? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, व राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींस तो कित्ता गिरविण्यास सांगितले. आमच्या ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेतच. पण एवढ्यावर थांबू नये. गावात मृत्यू घडल्यास तीन महिन्यांच्या आत विधवेचे नाव वारस म्हणून लागले की नाही, याची विचारपूस ग्रामसभेने करावी. आमच्या वकीलबंधूंनी असले अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. अडत्यांनी तिच्या शेतातील कापसाची हिशेबपट्टी दिराच्या नव्हे, तिच्याच नावाने करावी.

ताराबाईंचे स्मारक बांधावयाचे तर ते दगडाचे नको. ज्या दिवशी या जिल्ह्यातील प्रत्येक विधवेचे नाव तिच्या हक्काच्या सातबाऱ्यावर लागेल, त्या दिवशी १८८२ च्या त्या कैफियतीचा निकाल लागला असे आम्ही समजू. तोपर्यंत तो दावा चालूच आहे, आणि त्यात प्रतिवादी आपण सर्व आहोत.